नकाशात नसलेला बोगदा

कोळशाच्या खाणीत तीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला सगळे टेपमामा म्हणत. खाण बंद झाली आणि त्या जमिनीचं पुढे काय करायचं, हे ठरवायला सभा भरली. भिंतीवर नवा आराखडा लावला होता. पश्चिमेला तळं, मधे झाडी आणि जुन्या वजनकाट्याजवळ शाळेची नवी इमारत. ती जागा मामांनी लगेच ओळखली. तिच्याखाली एक बोगदा होता. हद्दीबाहेर खणला म्हणून तेव्हाच्या साहेबांनी तो नकाशात दाखवू दिला नव्हता आणि मामांनी मुकाट्याने सही ठोकली होती.

शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला त्यांनी हे हळूच सांगितलं. ती त्याच शाळेत शिकवायची.

"बाबा, आता बोललात तर सही तुमचीच निघेल."

"निघू दे. वर्ग तर तुझाच असेल ना तिथे?"

तिने पाय मागे घेऊन त्यांना वाट करून दिली.

मामा उठले. भर सभेत सगळं सांगून मोकळे झाले. आराखडा करणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "किती खोल?"

"बारा मीटर. छताला लाकडी टेकू दिलेत, अजून टिकले असतील तर."

पुढच्या आठवड्यात जमिनीला भोक पाडून पाहिलं, तेव्हा बाराव्या मीटरला ड्रिल मोकळंच फिरलं. शाळा टेकडीकडे सरकवली. मामांच्या मागे चौकशी लागली, पण त्यांना घोर वेगळाच होता. आपल्यासारखे आणखी किती मोजणीदार गप्प बसले असतील, या विचाराने ते रोजच्या रस्त्यावरही जपून पाऊल टाकू लागले.