नाचणीची पुरचुंडी

मुरबाडच्या भर बाजारात माझ्या पोलक्यातला कापसाचा गोळा खाली पडला. कॅन्सरने माझी आई गेली, माझा एक स्तन गेला, आणि तरी स्वतःला तपासून घ्यायला दवाखान्यात न येणारी माझी मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती.

नाचणी विकणारी एक बाई मोठ्याने हसली. तिने आपल्या पोलक्यातून कापडाची पुरचुंडी काढून सगळ्यांदेखत दाखवली.

"कापूस हलका गो म्हातारे, नाचणी भर. माझी आय याच रोगानं गेली. आन पोरी, तू कुनाला लाजतेस? तपासून घे, नायतर तुलाबी पुरचुंडी शिवाया लागंल."

पुरचुंडी परत खोचून ती गिऱ्हाइकाला नाचणी मापून देऊ लागली.

आठवड्याने मुलगी माझ्याबरोबर तपासून घ्यायला आली. गाठ बारीक असतानाच सापडली. आम्ही दोघी जिवंत आहोत.