बाबांच्या होडीचं गणित

सुक्या बोंबलांचा वास आला, की वरोरच्या किनाऱ्यावरची साठ सालच्या सुमाराची ती सकाळ आठवते. वादळानंतर सगळ्या होड्या परतल्या होत्या, फक्त बाबांची नव्हती.

"शाळेत वेगाची गणितं करतेस ना? मग सांग, बाबा कधी पोचतील?" आईने विचारलं.

शेजाऱ्यांनी त्यांची होडी जिथे शेवटची पाहिली होती, तिथलं अंतर मी ओल्या वाळूत मांडलं आणि होडीच्या वेगाने भागलं.

"दुपारपर्यंत येतील."

आई उठली आणि तिने तिघांपुरता भात टाकला.

बाबा आलेच नाहीत. पुढे कितीदा तरी मी ते गणित सोडवलं. चूक सापडली नाही. आता वाटतं, ते येतील असं कुणीतरी म्हणावं, एवढंच आईला हवं होतं, आणि तसं म्हणायला घरात तेव्हा मी एकटीच होते.