आतलं जादा कापड

मी ब्लाऊज शिवते. आमच्या बोळात कडक भाकऱ्या करून विकणारी ती बाई माझ्याकडंच शिवायला टाकायची. आली की बसायची नाही, चौकटीला पाठ रगडत उभी राहायची. छातीच्या ओझ्यानं तिची मान आणि पाठ कायम धरलेली. माप घेताना खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांच्या खोल खाचा दिसायच्या. मी नजर वळवायचे, तर म्हणायची, "बघा की. दुखतंय मला, लाजताय तुमी."

एक दिवस तिनं सरळ सांगून टाकलं, ऑपरेशन करून छाती कमी करून घेणार. गल्ली हसली. तिची सासू म्हणाली, देवानं दिलेलं कापतात का. ती म्हणाली, "तुमचा मोतीबिंदू बी देवानंच दिलता. काढला की."

ऑपरेशननंतर बरेच दिवस तिच्या घरातनं भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. मग ती जुन्या ब्लाऊजचा गठ्ठा घेऊन आली, हात अजून जपून उचलत. मी सगळे आत घेऊन दिले आणि सवयीनं शिवणीत जादा कापड ठेवलं. पुढं अंग भरलं तर उसवता येतं.

तिनं एक ब्लाऊज उलटा केला. "हे कशाला ठेवलंय?"

"असू दे. लागलं तर."

"न्हाय लागायचं."

माझीच कात्री घेऊन ती खाली बसली आणि एकेक ब्लाऊज उलटा करून आतलं कापड कापत गेली. शेवटी पट्ट्या गोळा करून पिशवीत टाकल्या.

"तवा पुसायला होतील."