हशासाठी सोडलेली जागा

माझं पहिलं पत्रक ज्या माणसाविरुद्ध होतं, तो आमच्याच वाडीतला. आमच्यापासून चौथं घर. लहानपणी मी त्याला फक्त टीव्हीवर पाहिलेलं. विनोदी कार्यक्रमात तो कायम गडी असायचा. खांद्यावर पंचा, मालकाच्या शिव्या, आणि तोंड उघडलं की आमची बोली. त्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे देवापुढे उभं राहून एकाने सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ते गाऱ्हाणं. टीव्हीवर तो देवाकडे मागायचा ते मालकिणीला माहेरी पाठव आणि मालकाचं टक्कल झाक, असलं. लोक हसून लोळायचे. आमची वाडीही हसायची. मीही. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं.

मग एकदा पुण्याला कार्यकर्त्यांच्या शिबिराला गेले. जमिनींच्या प्रश्नावर बोलायला उभी राहिले, तर दुसऱ्याच वाक्याला मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह हसलं. शिबिराचा विषय काय, तर श्रमिकांचा सन्मान! पुढचे तीन दिवस मी जेवणाच्या रांगेत भात मागितला तरी तेच. परत आले ती थेट रत्नागिरीतल्या छापखान्यात. "आमचं गाऱ्हाणं हा तुमचा चुटका नव्हे!" असा मथळा. खाली "आपली बोली विकून पोट भरणारे" असे शब्द होते. मला ते फार आवडले होते.

पत्रकांनी काही होत नाही असं लोक म्हणतात. माझ्या पत्रकाने झालं. शिमग्यात पालखी त्याच्या दारात आली की तिथलं गाऱ्हाणं त्या घरातल्या थोरल्याने घालायचं, असा त्या घराचा मान. वडील गेले, हा मुंबईत, म्हणून गुरवच घालायचे. गावकीच्या बैठकीत माझं पत्रक वाचलं गेलं आणि ठरलं की हा आला तरी त्याला घालू द्यायचं नाही. मी खूश. एवढीशी मुलगी, आणि गावकीत माझा शब्द चालला!

दोनेक वर्षांनी तो कायमचा परत आला. बायको वारली होती, मूल नव्हतं. टीव्हीवरचं काम केव्हाच थांबलेलं. त्यानंतर तो कार्टूनमधल्या प्राण्यांना मराठीत आवाज द्यायचा. शेवटी शेवटी एकच म्हातारं अस्वल उरलं होतं, तेही दुसऱ्या कुणाला गेलं. रोज सकाळी तो पेपर आणायला एसटीच्या थांब्यापर्यंत जायचा. वाटेत भेटेल तो "काय म्हाराजा!" म्हणून हसायचा आणि निघून जायचा. थांबायचं कोणी नाही. एकदा मी दुकानात असताना तो आला आणि म्हणाला, "अर्धा किलो मीठ द्या." दुकानदार खो खो हसला. दुकानातल्या बायकाही हसल्या. तो मीठ मिळेपर्यंत उभा राहिला. बाहेर पडल्यावर त्याने पिशवीत एकदा उगाच डोकावून पाहिलं.

माघात एका दुपारी त्याने मला घराच्या पडवीतून हाक मारली.

"ये गो बाय. पत्रकवाली ना तू?"

"हो, मीच." मी भांडायच्या तयारीत.

"बस. चाय घेनार? दूध नाय, कोरी हाय."

चहाबरोबर त्याने माझं पत्रक आणलं. घडीवर घडी पडून मऊ झालेलं. त्यावर पेन्सिलीने जागोजाग तिरक्या रेघा मारलेल्या. "लिवलंयस जोरात," तो म्हणाला, "पन वाचनाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा? बघ, हितं घे. हितं घे." आणि पान दोन्ही तळव्यांवर आडवं धरून, कागदाचा आवाजही न करता, त्याने ते मला वाचून दाखवलं. माझा राग त्याच्या तोंडी माझ्यापेक्षा खरा वाटत होता. "आपली बोली विकून पोट भरणारे" या शब्दांपाशी तो अडखळला नाही. मीच चहाच्या कपात बघत बसले.

"ते लोक मला सांगायचे, अजून जरा गावठी करा," पान खाली ठेवत तो म्हणाला. "मी म्हटलं, अहो, यापेक्षा गावठी मी माझ्या आयशीशीपन बोलत नव्हतो."

मला हसू आलं. मी हसले तसा तो थांबला. माझं हसू संपेपर्यंत डोळे खाली घालून थांबला, मग पुढे बोलू लागला. विनोदी नटाला हशाला जागा सोडावी लागते, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

"मला माझ्या दारातलं गाऱ्हानं घालायचं हाय. एकदाच. बापूस घालायचा तसं. एकपन विनोद नाय."

मी गावकीच्या बैठकीत गेले.

"तूच लिवलंवतंस ना गो? आता काय झालं?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे दोन शब्द मी आजवर एकाही पत्रकात छापलेले नाहीत.

बरीच बडबड झाली. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "घालू दे त्याला. पन चाळे केलंन तर तितल्या तितं पालखी उचलनार. आधीच सांगून ठेव."

मग रोज दुपारी तालीम. त्याला वडिलांचं गाऱ्हाणं आठवत होतं, पण प्रत्येक मागण्याच्या शेपटीला टीव्हीवरचा विनोद चिकटलेला. "पीकपान्याला बरकत दे" म्हटलं की पुढचं टक्कल जिभेवर यायचंच. माशातला काटा काढावा तसा एकेक विनोद त्याने काढला. शब्द गेले, जागा राहिल्या. प्रत्येक मागण्यानंतर तो हशापुरता थांबायचाच, आणि स्वतःवरच चिडायचा. "व्हय म्हाराजा" म्हणायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते मी. आमच्याकडे बायका ते म्हणत नाहीत, मागे उभ्या राहतात. का नाही, ते कोणी सांगत नाही.

"खोटं लागलं," तो म्हणायचा. "ओठ हलले, मानूस नाय हललं. परत."

एकदा त्याने विचारलं, "त्या दिवशी कोनीच नाय म्हटलं तर?"

"मी म्हणेन, काका. कलेक्टर कचेरीसमोर घोषणा देते मी. मला कोण अडवणार आहे?"

पालखी भर दुपारी आली. अंगण माणसांनी भरलं. घरात बाईमाणूस नाही म्हणून देवीची ओटी भरायला त्याने मलाच बोलावलं होतं. मी नारळ घेऊन अगदी पुढे, त्याच्यापासून चार हातांवर. तो धुतलेला सदरा घालून उभा राहिला आणि हात जोडले, तोच पंधरावीस मोबाईल वर झाले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं ह्या दारात उभी हायत..."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आणि तो थांबला. नको थांबू, मी मनात म्हटलं. पण त्याचा इलाज नव्हता. त्या थांबण्यालाच लोक विनोद समजले आणि सगळं अंगण हसलं. हशातूनच दोघाचौघांनी "व्हय म्हाराजा" ठोकून दिलं, टीव्हीवर म्हणायचे तसं, हेल काढून. त्याने पीकपाणी मागितलं, गुराढोरांचं मागितलं. हसू दर वेळी होतंच. त्याचा आवाज मात्र तालमीतला, साधा, वडिलांचा.

"जी लेकरं पोटासाठी मुंबैला गेली, त्यांना सुखात ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आनि जो परत आला, त्याला वळख."

हे तालमीत नव्हतं. लोक थांबले. आता टक्कल येणार, आता मालकीण येणार, म्हणून तोंडं हसायच्या तयारीत. काहीच आलं नाही. हसू आपोआप विरलं आणि अंगण गप्प झालं. तो हात जोडून उभा होता. आता होकार हवा होता, दोन शब्दांचा. मला शब्द पाठ होते. घशात आवाज होता. हातात नारळ होता. मागे माझी आई उभी होती, चुलत्या होत्या, पुढे सगळी गावकी. आणि मी, जी पुण्याच्या त्या हसणाऱ्या सभागृहावर दोन वर्षं दात खाऊन होते, ती या अंगणात नारळाची शेंडी धरून गप्प राहिले.

कोणीतरी ढोलावर टिपरी मारली. पालखी उचलली गेली. मोबाईल खाली आले.

संध्याकाळी मी ताटं आवरायला त्याच्याकडे गेले. तो पडवीत बसला होता, सदरा तोच.

"शेवटाला तू म्हटलंस ना गो?" त्याने विचारलं. "इतकी वर्सं कानाला ते हेडफोन लावून डावा कान गेलाय माझा. तू डाव्या बाजूला होतीस."

"म्हटलं काका."

त्याने डोळे मिटले. रेकॉर्डिंगच्या खोलीत ऐकताना मिटत असेल तसे.

"परत घे," तो म्हणाला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. अंगणात गुलाल सांडलेला, खुर्च्या तशाच वेड्यावाकड्या. समोर कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "आता बरोबर लागलं."

पालखी तोवर खालच्या वाडीत पोचली होती. ढोल तिकडून ऐकू येत होते.