मोडेमवाल्या मुलीचे रविवार

पाहुण्याला लोक हॉलमध्ये बसवतात. इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मात्र थेट बेडरूममध्ये, कपाटामागे, पलंगाखाली नेतात! आणि एकदा का तुम्ही कोणाच्या पलंगाखाली टॉर्च घेऊन शिरलात, की त्या घराचं तुमच्यापासून काय लपून राहणार? माझ्याकडचे किस्से हे असे साठले.

मी मूळची चिंचवडची. नोएडाला आले ती एकटीच, एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर म्हणून. तेव्हा तिथे सेक्टरना नंबर मिळाले होते, टॉवरना अक्षरं मिळाली होती, फक्त माणसं अजून राहायला यायची होती. फोनच्या तारेतून घरोघरी ब्रॉडबँड नुकतंच येऊ लागलं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला मी सहज बोलून गेले, "हो, वायरलेस लावता येतं मला." झालं! मंजिरी हे नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. "ती मोडेमवाली मुलगी" एवढ्यावर माझा फोन नंबर नोएडापासून फरीदाबादपर्यंत फिरला. दर रविवारी कुठून तरी बोलावणं यायचंच. "तुला वेळ असेल ना गं?" असं सगळे विचारायचे. वेळच वेळ होता!

*

आधी माझंच सांगते. स्वतःच्या फ्लॅटसाठी राउटर घ्यायला मी दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदार वयस्कर, बोलायला गोड.

"मॅडम, मकान कितना बड़ा है?"

"दो कमरे."

"और लोग कितने हैं?"

"एक."

"एक?"

"जी, एक."

त्यांनी हातातला दोन अँटेनांचा खोका हळूच परत फळीवर ठेवला. "तो बेटा, वायरलेस का क्या करोगे? एक आदमी के लिए तो वायर ही बहुत है."

मला काय झालं कोण जाणे, मी धाडकन खोटं बोलले. "आईबाबा राहायला येणार आहेत. भाऊ-वहिनी पण. मम्मी, पापा, भैया, भाभी, सब आ रहे हैं!"

त्यांचा चेहरा खुलला. "फिर तो दो अँटेनावाला ही ले जाओ!"

आणलं. सहा माणसांना पुरेल असं ते यंत्र टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन त्याला चिकटून बसले.

*

त्याच आठवड्यात फोनची लाइन तपासायला माणूस आला. मी दार उघडलं, तर माझ्या खांद्यावरून आत बघत त्याने विचारलं, "साहब हैं?"

"साहब नहीं हैं. मुझे बताइए."

"नहीं मॅडम, टेक्निकल बात है. साहब कब आएँगे?"

मी दिवसभर ऑफिसात सव्वीस माणसांना टेक्निकल बाता सांगून थकून आले होते. म्हटलं, "पता नहीं भैया. माँ ढूँढ रही है."

त्याने हातातल्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. दोन दिवसांनी ऑफिसमधून फोन करून चौकशी केली, तर पलीकडची बाई फॉर्म वाचून म्हणाली, "मॅडम, आपकी कंप्लेंट तो साहब के मिलने तक पेंडिंग है!"

*

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये देशमुख काका राहायचे. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांच्या मुलीला घरी इंटरनेट हवं होतं, आणि काकांना खरेदीत चूक नको होती. त्यांनी फूलस्केप कागदावर तक्ता आखला. सात मॉडेल्स, अकरा रकाने. अँटेना किती, दिवे किती, वॉरंटी किती. मी गेले की काकूंचे गरम पोहे यायचे आणि काकांचा तक्ता यायचा.

"यात एक रकाना वाढवलाय मी," काका म्हणायचे. "वजन."

"काका, वजनाने काही फरक पडत नाही."

"नोंद असलेली बरी."

असे पाच रविवार गेले. मुलगी मैत्रिणीकडे जाऊन इंटरनेट वापरू लागली. सहाव्या रविवारी काकूंचा धीर सुटला. पोह्यांची डिश टेबलावर आपटून त्या मला म्हणाल्या, "मंजिरी, मला बघायला आला होता ना हा माणूस, तेव्हा एक वाटी चिवडा खाऊन दहा मिनिटांत होकार देऊन गेला होता! आणि या डबड्याला दीड महिना?"

काकांनी तक्त्यावरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "तेव्हा तीन कोटेशन्स मागवायची सोय नव्हती."

मी इतकी हसले की पोहे नाकात गेले! बसमध्ये खिडकीशी बसून हा किस्सा मी मनातल्या मनात तीनदा घोळवला, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते सगळं ठरवलं. घरी पोचले, कुलूप उघडलं, दिवा लावला. सांगायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हिंदीत सांगून पाहिला. कोणी हसलं नाही.

*

निखिल आणि रेवा हे माझ्याच वयाचं जोडपं. दोघंही आयटीत, दोघंही पुण्याचे, नोएडाच्या नव्याकोऱ्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट. त्यांच्याकडे हॉलमध्ये इंटरनेटची एकच वायर होती. म्हणून ऑफिसातून आल्यावर दोघं एकाच टेबलाशी बसायची, त्या वायरसाठी भांडायची, एकमेकांच्या ईमेल वाचायची. मी जाऊन वायरलेस लावून दिलं. निखिल खूष! "चलो, आता बेडरूममध्ये बसून काम करता येईल."

महिन्याभरात त्याचा फोन. "मंजिरी यार, बेडरूममध्ये सिग्नलच येत नाही. हॉलमध्ये बिल्कुल ठीक आहे."

गेले. राउटर बघितला तर त्याची अँटेना गायब! फिरवून काढता येते ती अँटेना, पण आपोआप गळून पडत नाही. निखिलला म्हटलं जरा थांब, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे चमच्यांच्या स्टँडमध्ये, झाऱ्याच्या आणि पळीच्या मधे, काळी अँटेना ताठ उभी होती.

ओट्याशी रेवा कणीक मळत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी अँटेनाकडे बघितलं.

"बेडरूमचं दार लावून बसतो गं तो," ती हळूच म्हणाली. "परवा मी जेवायला चल म्हणून त्याला ईमेल केली. उत्तर आलं, 'नोटेड'."

मी पाणी प्यायले आणि बाहेर आले.

"काय झालंय?" निखिलने विचारलं.

"काही करता येणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या भिंती फार जाड आहेत."

"जाड?" निखिल ओरडला. "अगं, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात इथे!"

"त्या शिट्ट्या आहेत, निखिल. सिग्नल वेगळा असतो."

इंजिनिअर म्हणून मी आयुष्यात एवढं मोठं खोटं कधी बोलले नाही!

*

फरीदाबादला शेख काका-काकू होते. काका सोलापूरचे, तिथल्या कारखान्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले. मुलगा समीर टोरंटोला. दर रविवारी संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर दिसायचा, आणि पाच मिनिटांत त्याचं चित्र अडकायचं. कधी तोंड उघडं, कधी डोळे मिटलेले.

मी जाऊन पाहिलं, तर राउटरवर क्रोशाचं सुंदर झाकण! पांढरं, कडेला गुलाबी कळ्या. आत यंत्र भाजून निघालं होतं.

"काकू, हे काढा. त्याला हवा लागते."

"अगं, टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर. या एकट्याला काय उघडं ठेवायचं? इथली धूळ बघितलीस ना?"

पण समीरसाठी म्हटल्यावर त्यांनी झाकण काढलं, घडी करून ठेवलं. त्या संध्याकाळी समीर लख्ख दिसला. कानामागचा तीळसुद्धा! काकूंनी माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती.

दोन महिन्यांनी ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा खायला गेले. राउटरवर झाकण परत!

"काकू, हे काय?"

काका पेपरमध्ये तोंड घालून बसले. काकूंनी माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

"नीट चालायला लागल्यापासून तो दोन मिनिटांत 'चल अम्मी, ठेवतो' म्हणतो आणि जातो," त्या म्हणाल्या. "अडकला की समोर तरी असतो. परवा चांगला पाऊण तास होता."

*

शेवटी आईनेही चिंचवडला वायरलेस घेतलं. मी इकडून मोबाईलवर, ती तिकडे राउटरसमोर चष्मा लावून.

"किती दिवे लागलेत, आई?"

"तीन. एक लुकलुकतोय. बिचारा घाबरलेला दिसतो."

"बटण बंद कर. तीस आकडे मोज. मग चालू कर."

"मनात मोजू की मोठ्याने?"

मनातच मोजतात. पण मी म्हटलं, "मोठ्याने."

ती मोजू लागली. लहानपणी मला वेणी घालताना मोजायची तसं, सावकाश. सतरा. अठरा. मागे आमच्या भाजीवाल्याची आरोळी आली, आईने फोन न झाकता "आज नको!" म्हणून ओरडून सांगितलं आणि न चुकता पुढे एकोणीस म्हटलं. माझ्या खिडकीबाहेर समोरच्या अर्धवट टॉवरवर क्रेन उभी होती, आणि कुठेही कसलाही आवाज नव्हता.

"तीस. झाले गं. लावू बटण?"

"नको," मी म्हटलं. "हे मॉडेल जरा हट्टी आहे. शंभरपर्यंत मोज."

*

आता पेंडसे काकांचं सांगते.

काका माझ्याच सेक्टरमध्ये, दोन टॉवर पलीकडे, चौथ्या मजल्यावर राहायचे. पूर्वी कॉलेजात भूगोल शिकवायचे, मुलीने आग्रह करून हा फ्लॅट घ्यायला लावला आणि मग तिची मेलबर्नला बदली झाली. काकू आदल्या वर्षी गेल्या. "माझं इंटरनेट फार हळू चालतं," म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी राउटरमध्ये शिरून बघितलं. लावून देणाऱ्याने पासवर्डच घातला नव्हता, नेट सगळ्यांना खुलं. कोण कोण जोडलंय त्याची यादी काढली.

"काका! तुमच्या नेटवर पाच जण आहेत!"

काकांनी दचकून खोलीभर नजर फिरवली. "कुठे?"

"इथे नाही हो. शेजारी. वर, खाली. भिंतीपलीकडून तुमचं नेट वापरतायत."

"पण मला तर इथे कोणी ओळखत नाही."

"तुमच्या नेटला ओळखतात!"

काका खो खो हसले. मी आठ अक्षरांचा पासवर्ड घातला, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नेट सुसाट पळायला लागलं. मला वाटलं, काम झालं.

पुढच्या रविवारी काकांचा फोन. "जरा येऊन जाशील?"

गेले तर टेबलावर सहा कपांचा नवा सेट. धुऊन उपडा घातलेला. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"अगं, सोमवारी सकाळी बेल वाजली," ते सांगू लागले. "मला वाटलं दूधवाला. तर समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ! दोन वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे गेलो नाही आम्ही. म्हणाले, 'अंकलजी, आपका नेट ठीक चल रहा है?' मी म्हटलं, 'बिल्कुल ठीक!' तर जाईचनात. पायांवर भार बदलत उभे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, 'अंदर आइए.' चहा केला. पाऊण तास बसले गं! त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय."

"आणि पासवर्ड?"

"दिला की. मंगळवारी वरची बंगाली मुलगी आली, हातात पायेसची, म्हणजे त्यांच्याकडच्या खिरीची, वाटी घेऊन. आधी हवेबद्दल बोलली. मग कॉलेजबद्दल. मग पासवर्डबद्दल. बुधवारी खालचं जोडपं, त्यांची छोटी पण होती. तिला मी नकाशात मेलबर्न दाखवलं. गुरुवारी दोघं आले, एकापाठोपाठ एक. कप कमी पडले!"

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारपर्यंत सगळ्यांना मिळाला होता ना."

काकांनी चहा ओतला. माझा, त्यांचा. मी राउटरकडे बघितलं. दिवे सगळे हिरवे.

"मग काका, नेट परत हळू झालंय का? त्यासाठी बोलावलंत?"

"छे छे, तसं काही नाही. चालू दे की हळू." त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत लावला. "मी विचारत होतो, मंजिरी, हा पासवर्ड दर सोमवारी बदलता येतो का गं?"