चाळीस ते एक

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. आता तुमची पाळी... हसा!

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा गेल्यापासून मी आणि काका बघतो. कामं इतकी आटली होती की जर्मनीची ऑर्डर आली नाही तर कायमचं शटर ओढायचं ठरलं होतं. तिथल्या कंपनीला आमच्या पार्टची चाळीस ड्रॉइंग्ज वेबसाइटवर बघायची होती. सर्व्हर आमच्याच केबिनमध्ये, त्यामुळे तिकडे पानं रखडत उघडायची. म्हणून मी सीडीएन लावलं. यात पानांच्या प्रती देशोदेशीच्या मशीनवर राहतात आणि बघणाऱ्याला जवळची प्रत पटकन मिळते. मात्र त्या भागातून कुणीतरी पान एकदा उघडल्याशिवाय तिथे प्रत तयार होत नाही.

बुधवारी दुपारी ड्रॉइंग्ज चढवली. गुरुवारी दुपारी चऱ्होलीच्या घरून लिंक पाठवली. अर्ध्या तासात उत्तर — सगळं क्षणात उघडलं, सँपल पाठवा! मी नाचतच काकांना फोन लावला.

"अगं, पण उघडलं कसं?" काका म्हणाले. "आज गुरुवार हाय. मेन स्विच मी कालच सहाला पाडलाय."

गुरुवार... आमच्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. मी साफ विसरले होते! म्हणजे केबिनमधला सर्व्हरही बंद, आणि त्यांना दिसल्या त्या प्रती. पण त्या तिथे आल्या कशा?

सीडीएनचं रेकॉर्ड उघडलं. बुधवारी पाच ते सहाच्या दरम्यान जर्मनीतून कुणीतरी एकेक पान उघडलं होतं. तेव्हा त्या पानांची लिंक माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. आणि क्रम — चाळीस, एकोणचाळीस, अडतीस... थेट एकपर्यंत. ड्रॉइंग असं उलटं तपासणारा माणूस मी एकच पाहिलाय. बाबा. "पुढून वाचलं की डोळा सरावतो, चूक दिसत न्हाई," म्हणायचे.

एकतीस नंबरचं पान मात्र दोनदा उघडलेलं. चूक सापडली की बाबा त्या पानावर परत यायचे. मी घाबरतच ते ड्रॉइंग काढलं... भोकाचा व्यास चुकला होता! तसंच सँपल गेलं असतं तर नक्की नापास झालं असतं. लगेच दुरुस्ती कळवली.

सँपल पास झालं, राव! ऑर्डर आली, सगळ्या एमआयडीसीत पेढे वाटले, नवं मशीनही बसलं.

जर्मनीवाले म्हणतात, बुधवारी आमच्यातल्या कुणीच काही उघडलं नाही. सीडीएनवाले म्हणतात, बॉट असेल, आपोआप पानं उघडत फिरणारा प्रोग्राम. असेलही. पण बॉटला आमची चूक कशी कळली? नवी ड्रॉइंग्ज मी आता बुधवारीच चढवते... आणि सहा वाजेपर्यंत काकांना मेन स्विचला हात लावू देत नाही.