अक्कांच्या खिळ्यावरची किल्ली

आमच्या घरात आता चोर शिरू शकत नाही. पाणीही शिरत नाही. पहिली गोष्ट आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगतात. दुसरी मी सांगते, कारण वास मला येतो. बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात फडकं बुचकळून फरशी पुसायची, संडासात जपून मग ओतायचा आणि शाळेत जाऊन मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवायचा. स्वतःचीच शिसारी येते.

सात रस्त्यापासून थोडं आत आमची गल्ली आहे. मी शिक्षिका, हे एका कचेरीत, मुलगी लग्न होऊन पुण्याला. दिवसभर घराला कुलूप. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेही त्याच्या लहरीनं. म्हणून ज्या घरातली नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात, त्या घराची एक किल्ली शेजारी असतेच. आमची अक्कांकडे होती.

अक्का म्हणजे आमच्या उजव्या हाताच्या शेजारीण. घरात तेलुगू बोलणारं विणकराचं कुटुंब. त्यांचे मालक होते तोवर मागच्या खोलीत माग खडखडत होते. मालक गेले, माग भंगारात गेले, पोरगा सुरतेला गेला आणि अक्का मांडीवर सूप घेऊन दारातल्या कट्ट्यावर विड्या वळत बसू लागल्या. गल्लीत अनोळखी माणूस आला की सुपातून मान वर न करता विचारायच्या, “कोण पायजे?” एवढंच. पण त्या दोन शब्दांना उत्तर दिल्याशिवाय विमा विकणारासुद्धा पुढं जात नसे.

आमची किल्ली त्यांच्या देवाशेजारच्या खिळ्याला असायची. विड्या बांधायचा लाल दोरा त्यांनी तिला गुंडाळला होता, त्यांच्या स्वतःच्या किल्ल्यांत मिसळू नये म्हणून. पाणी आलं की त्या फाटक उघडायच्या, हौद भरायच्या, घरात जाऊन मोटार लावायच्या, टाकी भरली की बंद करून कुलूप लावायच्या. पाऊस आला तर दोरीवरचे कपडे आत. एकदा मी डाळ गॅसवर ठेवून तशीच शाळेला पळाले. संध्याकाळी आले तर करपलेलं पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं होतं. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि ह्यांना ते अजून माहीत नाही.

मग मागच्या गल्लीत घरफोडी झाली. घरातली सगळी मोहोळला लग्नाला गेली होती. मी भेटायला गेले. दागिने गेले होते, पण ती बाई दागिन्यांचं बोलतच नव्हती. चोरांनी फ्रिजमधलं श्रीखंड खाल्लं होतं आणि हात देवाच्या वस्त्राला पुसले होते. कपाटातल्या साड्या जमिनीवर ओढून त्यांच्यावरून बुटानं फिरले होते. तिनं सगळं दोनदा धुतलं, तरी अंगाला लावायची इच्छा होत नव्हती. “माझ्याच घरात मला हात धुवावेसे वाटतायत,” ती म्हणाली. ते श्रीखंडाचं रिकामं भांडं तिनं अजून टाकलेलं नव्हतं, अंगणात मुंग्यांत पडलं होतं. तेव्हा कुलुपं, जाळ्या नकोत असं म्हणणारी मी नाही. घर राखायलाच हवं.

ह्यांनी मात्र घर राखायचं सोडून किल्ला बांधायला घेतला. ओळखीतून एक सुरक्षेची उपकरणं विकणारा तरुण आला. गळ्यात पट्टा, हातात टॅब. त्यानं आमच्या दिवाणखान्यात बसून, माझाच चहा पीत, थरांचं तत्त्वज्ञान सांगितलं. एका कुलुपावर विसंबायचं नसतं म्हणे. आधी भिंत, मग फाटक, मग उजेड, मग कॅमेरा, मग जाळीचं दार, मग आतलं दार, मग सायरन. “कांद्यासारखं, सर. चोराला एकेक पापुद्रा सोलावा लागतो.” हे मान डोलवत होते. सोलताना रडायचं कुणी, ते त्यानं सांगितलं नाही.

बोलण्यात काही चूक नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एक थर तुटला तर दुसरा असावा, हे कुणालाही पटेल. पण जाता जाता त्यानं विचारलं, “घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?”

हे म्हणाले, “आम्हा दोघांकडे. आणि एक शेजारी.”

तो हसला. ते हसू मला अजून खुपतं. “सर, बहुतेक वेळा माहितीतल्याच माणसाचं काम असतं.”

ह्यांनी उजवीकडच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडं अक्का होत्या. नुसतं बघितलं, पण मला त्या नजरेची जेवढी घाण वाटली तेवढी त्या मुंग्या लागलेल्या भांड्याचीही वाटली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

“अक्कांकडं संशयानं बघताय?” मी विचारलं.

“अगं, संशय कुठं? पद्धत म्हणून.”

पद्धत म्हणून हे दुसऱ्या दिवशी अक्कांच्या दारात गेले. मी मागं होते. “अक्का, कुलूप बदलतोय, जुनी किल्ली द्या.” अक्कांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खिळ्यावरची किल्ली लाल दोरा सोडवून आणली. देताना विचारलं, “नवी आणून देणार न्हवं, साहेब? पुढल्या पाण्याला लागंल की.”

“हो हो, बघतो,” हे म्हणाले.

ह्यांच्या “बघतो”चा अर्थ मला इतक्या वर्षांत कळलाय. अक्कांना तिथल्या तिथं कळला. त्या परत बसल्या आणि पान कातरायला लागल्या.

आठवडाभरात आमचं घर ओळखू येईना. भिंतीवर फुटक्या काचा रोवल्या. फाटकाला तळहाताएवढं कुलूप. दाराबाहेर सरकतं जाळीचं दार, आत दोन लॅच, कोपऱ्यात सायरन. आणि फाटकावर कॅमेरा, जो नुसता बघत नाही, बोलतो. कुणी जवळ आलं की आतली रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणते, “आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. कृपया मागे व्हा.” दूधवाला पहिल्या दिवशी घाबरून पिशवी रस्त्यावर ठेवून गेला. मांजरानं ती फोडली. ह्यांनी मांजराचं चित्रण मला तीनदा दाखवलं.

मग पाण्याचा दिवस आला. आम्ही दोघं कामावर. मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसले होते आणि मोबाइल वाजला. पडद्यावर आमचं फाटक, आणि फाटकाशी अक्का. हातात त्यांचा स्वतःचा हिरवा पाइप. नळाला पाणी आलं होतं, आमचा हौद कोरडा होता, आणि त्या आपल्या नळाचा पाइप आमच्या हौदात सोडता येतो का ते बघायला आल्या होत्या. भिंतीवरून टाकावा तर काचा. म्हणून फाटकाखालच्या फटीतून सरकवायला वाकल्या.

ती गोड बाई बोलली. “कृपया मागे व्हा.”

अक्का दचकून सरळ झाल्या. इकडं-तिकडं बघितलं. परत वाकल्या. आणि तेवढ्यात कॅमेऱ्यातून पुरुषाचा आवाज आला. हे आपल्या कचेरीतून बोलत होते.

“कोण आहे? काय काम आहे?”

चित्र इतकं स्वच्छ होतं की अक्कांच्या हातावरची पानांची डिंकाळ घाणसुद्धा मला दिसत होती. ह्यांना दिसत नव्हतं कोण आहे? पावसात कपडे काढणाऱ्या, मुलगी तापानं फणफणली तेव्हा रात्रभर उशाशी बसलेल्या बाईला माझा नवरा फाटकातून विचारत होता, कोण आहे. अक्कांनी मान वर करून त्या काळ्या काचेकडं बघितलं. मग पदर डोक्यावर सारखा केला, जसा परक्या पुरुषासमोर करतात, पाइप गुंडाळला आणि निघून गेल्या. माझ्या डब्यातली पोळी डब्यातच राहिली.

संध्याकाळी मी विचारलं. हे म्हणाले, “अगं, नियम सगळ्यांना सारखा. आज अक्कांना सोडलं की उद्या दुसऱ्याला सोडावं लागतं.” आणि पाण्याचा जार मागवला. कोरड्या हौदाच्या घरात, दोन दिवस न धुतलेल्या सदऱ्यात, हे माणूस मला नियम शिकवत होतं. मला त्या सदऱ्याचा वास सहन होईना आणि त्या बोलण्याचा त्याहून नाही.

त्यानंतर ह्यांना नवा छंद लागला. जेवताना एक हात आमटीत आणि दुसरा मोबाइलवर. समोरच्यांच्या सुनेनं कचरा कुठं टाकला, पलीकडचे आजोबा कुठं थुंकले, कुणी आपल्या फाटकाकडं किती वेळ बघितलं, सगळं मला ऐकवायचं. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाच्या खिडकीत डोकावलं नाही तो आता आख्ख्या गल्लीत डोकावत होता आणि त्याला सुरक्षा म्हणत होता. गल्लीही शहाणी. आमच्या फाटकाशी कुणी थांबेना. हळदी-कुंकवाचं बोलावणं फोनवर यायला लागलं.

आणि अक्कांचा कट्टा रिकामा दिसायला लागला. आधी वाटलं, आजारी असतील. डोकावले तर आतल्या खोलीत, दाराकडं पाठ करून विड्या वळत होत्या. दिवा लावून, भर दुपारी.

“अक्का, आत का बसलात? उजेड तरी आहे का हितं?”

“बाहेर बसलं की ते बघतंय की दिवसभर,” त्या म्हणाल्या. “मांडीवर सूप, पदर कुटं, पाय कुटं. नको वाटतंय बाई.”

मी घरी येऊन सांगितलं की कॅमेऱ्याचं तोंड फिरवा, त्यात अक्कांचा कट्टा येतो. ह्यांनी मोबाइलवर बघितलं आणि म्हणाले, “फिरवला तर तो कोपरा सुटतो.”

मग एका पाण्याच्या दिवसाआधी चोरी झाली. आमच्याच दारात, दिवसाढवळ्या. फाटकाबाहेर, भिंतीलगत आमच्या नळाचं पितळी मीटर आणि कॉक होता. सगळे थर आतल्या बाजूला, तो बिचारा बाहेर. तोंडाला रुमाल बांधलेला एक जण आला, पाना लावला, काढलं, पिशवीत टाकलं आणि गेला. गोड बाई त्याला मागे व्हायला सांगत होती. मी वर्गात, हे कचेरीच्या बैठकीत होते, दोघांच्याही मोबाइलचा आवाज बंद होता.

चित्रण मात्र उत्तम आलं. ह्यांनी ते पोलिसांना दाखवलं, कचेरीत दाखवलं, त्या पट्टेवाल्या विक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, अजून एक थर लागेल. शेवटी ह्यांनी ते मला दाखवलं, मोठ्या पडद्यावर, टीव्हीला जोडून. मी बघत होते. चोर गल्लीत शिरला. त्यानं कॅमेऱ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. थांबला, मान वळवली आणि आधी अक्कांच्या कट्ट्याकडं बघितलं. कट्टा रिकामा होता. मग त्यानं पाना काढला.

“परत लावा,” मी म्हणाले. ह्यांनी परत लावलं.

“काय बघतोय तो?” मी विचारलं.

“कोण आहे का ते बघतोय,” हे म्हणाले. मग ह्यांनी टीव्ही बंद केला, पण तोंडातून “चुकलं” म्हणून काही निघालं नाही. निघेल असं मला वाटलंही नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या फुटपाथवरल्या किल्लीवाल्याकडून नव्या कुलुपांच्या सगळ्या किल्ल्या बनवून घेतल्या. फाटकाची, जाळीची, आतल्या दोन्ही लॅचची. केवढा तरी जुडगा झाला. ह्यांना विचारलं नाही. तसाच घेऊन अक्कांकडं गेले. देवाशेजारी तो खिळा होता, त्यावर काहीच नव्हतं, फक्त लाल दोऱ्याचं रिकामं वेटोळं.

मी जुडगा पुढं केला. “अक्का, ठेवा. आधीसारखं.”

त्यांनी हात पुढं केला नाही. सुपातली पानं सारखी केली. राग नव्हता चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं, मी पाया पडून काढला असता.

“बाई, आदी किल्ली हितं होती तवा मी तुमच्या घरात जात होते,” त्या म्हणाल्या. “आता त्या कॅमेऱ्यात जावं लागंल. उद्या तुमच्यातलं काय न्हाईसं झालं, तर साहेब ते लावून बघतील. आन् त्यात जाताना दिसणार कोण? मीच की.”

जुडगा हातात तसाच धरून उभी राहिले.

अक्का उठल्या, मोरीतून भरलेला हंडा ओढत आणला आणि माझ्यापुढं ठेवला. “पाणी न्या,” त्या म्हणाल्या. “त्याला काय किल्ली लागत न्हाय.”

मी हंडा कमरेवर घेतला. फाटकाशी आले. एका हातात हंडा, दुसऱ्या हातात किल्ल्या. त्यातली फाटकाची कुठली ते मला सापडेना, आणि फाटकावरची बाई मला परत परत सांगत होती, कृपया मागे व्हा.